गार्चॉम्पवरची बंदी आणि सँड वेलचा प्रश्न

पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेच्या चौथ्या पिढीत गार्चॉम्प या पात्रावर स्पर्धांत घातलेली बंदी योग्य होती आणि पाचव्या पिढीत ती उठवली गेली तेही योग्यच झाले, असे माझे ठाम मत आहे. ही दोन्ही मते मी एकाच कसोटीवर धरून आहे, आणि ती कसोटी नीट मांडता यावी म्हणून हा लेख लिहीत आहे. एखादे पात्र स्पर्धेतून बाद करावे का, यावर आपण बहुतेक वेळा ‘ते फार बलवान आहे’ किंवा ‘सगळे तेच वापरतात’ अशा दोन कारणांवर भांडत राहतो. माझ्या मते ही दोन्ही कारणे अपुरी आहेत. खरा प्रश्न असा असावा की ते पात्र समोर आल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या हातात ठरवण्यासारखे काही उरते का, आणि त्याने अचूक ठरवले तर त्या अचूकपणाचे फळ त्याला मिळते का.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धा बहुतांशी दुहेरी लढतींच्या असतात. सहा विरुद्ध सहा अशा एकेरी लढतींचे नियम मात्र प्रामुख्याने स्मॉगॉन या २००४ मध्ये सुरू झालेल्या खेळाडूंच्या समुदायाने घडवले. मुख्य श्रेणीला ओयू म्हणतात आणि तिथे ज्यांना जागा नाही असे अतिबलवान पोकेमॉन उबर्समध्ये जातात. आपल्याकडे बहुतेकांनी कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहिले; पण हातात धरून खेळायचे निन्टेन्डोचे यंत्र फार थोड्या घरांत होते. फक्त ब्राउझर लागणारे पोकेमॉन शोडाउन हे ऑनलाइन लढतींचे संकेतस्थळ आले तेव्हाच आपल्यापैकी अनेकांना खऱ्या अर्थाने लढता आले, आणि म्हणून आपल्यासाठी स्मॉगॉनचे नियम हेच खेळाचे नियम ठरले. तिथे कोणावर बंदी येते हा प्रश्न मला परका वाटत नाही, तो याच कारणाने.

गार्चॉम्प २००६ मध्ये डायमंड आणि पर्ल या खेळांबरोबर आला. ड्रॅगन आणि ग्राउंड असा त्याचा दुहेरी प्रकार आहे (कोणती चाल कोणाला किती लागते ते प्रकारावर ठरते) आणि हल्ला, बचाव, वेग अशा त्याच्या मूळ अंकांची बेरीज ६०० आहे. त्यातही १३० हा हल्ल्याचा अंक आणि १०२ हा वेगाचा अंक महत्त्वाचे. १०२ हा आकडा ज्याने निवडला त्याला तो किती नेमका बसेल याची कल्पना होती की नाही, हे सांगता येत नाही. परंतु सॅलमेन्स, झॅपडॉस, जिराची, सेलेबी, फ्लायगॉन अशी मोठी मंडळी बरोबर १०० वर उभी होती. शंभराव्या पातळीवर वेगाला सर्वतोपरी पोसले तर त्या सगळ्यांचा वेग ३२८ होतो आणि गार्चॉम्पचा ३३३. अवघ्या पाच अंकांचा फरक, पण या खेळात आधी कोण मारतो ते या पाच अंकांवर ठरते, आणि आधी मारणारा अनेकदा समोरच्याला मारण्याची संधीच देत नाही.

त्याच्या चालींची जुळणीही तितकीच नेमकी होती. आउटरेज या ड्रॅगन चालीचा जोर फक्त स्टील पोकेमॉनवर कमी पडत असे, आणि अर्थक्वेक ही ग्राउंड चाल त्यांतल्या हीट्रान, मेटाग्रॉस, जिराची अशांना मोडून काढत असे. उरलेले स्कार्मरी आणि ब्राँझाँग अर्थक्वेकच्या आवाक्याबाहेर होते, तर त्यांच्यासाठी फायर फँग किंवा फायर ब्लास्ट ही आगीची चाल ठेवता येत असे. एकदा स्वॉर्ड्स डान्स ही ताकद वाढवणारी चाल झाली की हल्ला दुप्पट. बर्फाची चाल त्याला चौपट लागते हे खरे. पण ‘याचे’ नावाची बेरी खाऊ घातली की पहिला बर्फाचा फटका निम्म्यावर येत असे, आणि तेवढ्या अवधीत गार्चॉम्पचे काम होऊन जात असे. २००८ च्या सुमारास, म्हणजे शॉडी बॅटल या सिम्युलेटरच्या (संगणकावर लढती खेळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) काळात, संघ बांधायला बसणारा प्रत्येक खेळाडू आधी गार्चॉम्पचे काय करायचे ते ठरवत असे आणि मग बाकीचा विचार करत असे.

एवढे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की केवळ या कारणांसाठी त्याच्यावर बंदी घालायला नको होती. ‘याचे’ बेरी एकदाच चालते. आउटरेज सुरू केले की दोन-तीन फेऱ्या तेच करत राहावे लागते आणि शेवटी गार्चॉम्प स्वतःच गोंधळतो, त्यामुळे एखादा जायबंदी गडी पुढे करून नंतर स्टील पोकेमॉन आणता येत असे. मॅमोस्वाइन आणि वीव्हाइल यांची आइस शार्ड वेग न पाहता आधी लागते. स्टार्मी वेगाने त्याच्या पुढे आहे. क्रेसेलियासारखा भक्कम पोकेमॉन त्याचा फटका सोसून आइस बीमने उत्तर देऊ शकतो. यांतला कोणताही उपाय सोपा नव्हता, पण प्रत्येक उपायात विचार होता, अंदाज होता, आणि अंदाज बरोबर आला तर त्याचे फळ होते. चांगल्या प्रतिस्पर्ध्याकडून याहून वेगळी अपेक्षा मी करत नाही.

खरा प्रश्न त्याच्या क्षमतेचा, म्हणजे आपोआप लागू होणाऱ्या अंगभूत गुणाचा होता. सँड वेल ही क्षमता अशी की वाळूचे वादळ चालू असताना समोरच्याच्या प्रत्येक चालीची अचूकता एक पंचमांशाने घटते. म्हणजे एरवी शंभर टक्के अचूक असलेली चाल ऐंशी टक्क्यांवर येते. आणि वाळू आणणे मुळीच कठीण नव्हते. टायरॅनिटार किंवा हिपाउडन मैदानात उतरला की वादळ सुरू होई आणि चौथ्या-पाचव्या पिढीत ते आपणहून थांबतच नसे, कोणी दुसरे हवामान आणले तरच थांबे. टायरॅनिटार तर तसाही सगळ्यांच्या संघात असे, म्हणून कित्येकदा स्वतःच्या टायरॅनिटारने आणलेल्या वाळूचा लाभ समोरच्याच्या गार्चॉम्पला होई.

आता या वाळूत गार्चॉम्प सब्स्टिट्यूट ही चाल वापरतो असे समजू. सब्स्टिट्यूटसाठी त्याला आपली एक चतुर्थांश शक्ती मोजावी लागते आणि त्या बदल्यात त्याच्यापुढे फटका झेलणारे एक बाहुले उभे राहते. दर फेरीला थोडी शक्ती परत देणारी लेफ्टओव्हर्स ही वस्तू जवळ असेल तर पूर्ण शक्तीवरून सुरुवात करून तो असे चार वेळा करू शकतो, आणि वेगवान असल्याने दर फेरीला आधी बाहुले उभे करतो. समोरचा खेळाडू योग्य पोकेमॉन आणून, योग्य चाल निवडून, दर वेळी ते बाहुले फोडत राहतो. त्याने काहीही चूक केलेली नाही. तरीही चारही फटके लागण्याची शक्यता फक्त ४१ टक्के आहे. उरलेल्या ५९ टक्के वेळा निदान एक फटका हुकतो, बाहुले शाबूत राहते, आणि त्या आडून गार्चॉम्प निवांत स्वॉर्ड्स डान्स करून ७१८ च्या हल्ल्याने पुढे सरसावतो. ज्याने सगळे बरोबर केले तो निम्म्याहून अधिक वेळा हरतो, आणि त्याने वेगळे काय करायला हवे होते असे विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘काहीच नाही’ हेच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. पोकेमॉनमध्ये नशीब सर्वत्र आहे. आइस बीमने दहा टक्के वेळा समोरचा गोठतो, चौथ्या पिढीत सोळातला एक फटका क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जोरात बसतो, स्टोन एज ही चाल पाचातून एकदा हुकते. मग एकट्या सँड वेलवर राग का? मला यातला फरक मूलभूत वाटतो. स्टोन एज निवडणारा खेळाडू ती ऐंशी टक्के अचूक आहे हे जाणून निवडतो. अधिक जोरासाठी तो धोका स्वतःच्या अंगावर घेतो आणि नको असेल तर कमी जोराची पण अधिक खात्रीची चाल घेऊ शकतो. सँड वेलमध्ये धोका एकाने निर्माण करायचा आणि भोगायचा दुसऱ्याने, असा व्यवहार आहे. गार्चॉम्पच्या मालकाला त्यासाठी काही मोजावे लागत नाही, कारण त्या क्षमतेवाचूनही त्याने गार्चॉम्पच घेतला असता. गोठण्याचा किंवा क्रिटिकलचा धोका दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि त्यावर कोणी अख्खी व्यूहरचना उभारू शकत नाही; सब्स्टिट्यूट आणि सँड वेल यांवर ती उभारता येते. डबल टीम आणि मिनिमाइझ या चुकवाचुकवी वाढवणाऱ्या चालींवर याच कारणाने फार पूर्वीपासून बंदी आहे आणि ती उठवावी असे गंभीरपणे खेळणारा कोणीही म्हणत नाही. जी गोष्ट चालीच्या रूपात आपण नाकारली ती क्षमतेच्या रूपात स्वीकारायची, यात मला सुसंगती दिसत नाही.

मग २००८ मध्ये सँड वेलवरच बंदी का घातली नाही? कारण चौथ्या पिढीत गार्चॉम्पला दुसरी क्षमताच नव्हती. प्रत्येक गार्चॉम्प सँड वेल घेऊनच जन्माला येत असे, त्यामुळे क्षमतेवर बंदी आणि पोकेमॉनवर बंदी या एकाच गोष्टी होत्या. खेळात नसलेला, क्षमताहीन गार्चॉम्प कल्पून त्याला परवानगी देणे म्हणजे वेगळाच खेळ तयार करणे झाले असते, आणि सिम्युलेटरचे काम मूळ खेळाशी इमान राखण्याचे आहे. म्हणून तेव्हाची बंदी मला कठोर वाटली तरी अन्याय्य वाटत नाही. पाचव्या पिढीतही त्याच्यावर पुन्हा बंदी आली. परंतु पुढे रफ स्किन ही त्याची दुसरी क्षमता प्रत्यक्ष उपलब्ध झाली आणि निवड शक्य झाली. सँड वेल बाद झाली, रफ स्किनवाला गार्चॉम्प ओयूमध्ये परतला, आणि तोच वेग, तोच हल्ला, त्याच चाली घेऊन खेळूनही तो सोसण्याजोगा ठरला. दोष बळात नव्हता याचा याहून स्पष्ट पुरावा मला नको. क्रिकेटमध्ये १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेनंतर जे झाले त्याची इथे आठवण होते: पुढे नियम बदलले ते लेग साइडला यष्टीमागच्या भागात दोनहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवता येऊ नयेत असे, वेगवान गोलंदाज खेळात राहिले.

याचा अर्थ प्रत्येक वेळी दोषी भाग कापून बाकीचे वाचवावे असा मात्र होत नाही. पाचव्या पिढीत पॉलिटोडला ड्रिझल ही पाऊस आणणारी क्षमता मिळाली, न थांबणारा पाऊस आला, आणि त्या पावसात किंगड्रा, ल्युडिकोलो, काबुटॉप्स यांची स्विफ्ट स्विम ही क्षमता वेग दुप्पट करू लागली. तेव्हा २०११ मध्ये ऑल्डॅरनचा प्रस्ताव म्हणून ओळखला जाणारा तोडगा निघाला: ड्रिझल चालेल, स्विफ्ट स्विमही चालेल, पण दोन्ही एकाच संघात चालणार नाहीत. याच पिढीत ब्लेझिकेनला दर फेरीला वेग वाढवणारी स्पीड बूस्ट मिळाली आणि तिथे मात्र अख्ख्या ब्लेझिकेनला ओयूबाहेर काढले गेले. ती क्षमता नसलेला जुना ब्लेझिकेनसुद्धा त्याच्याबरोबर गेला. एकाच समुदायाने एकाच काळात दोन उलट मार्ग धरले, आणि त्यावरची नाराजी मी समजू शकतो. माझा कल या बाबतीत असा आहे की जी गोष्ट कोणाच्याही हातात घातकच ठरते ती गोष्ट बाद करावी, आणि जी एका विशिष्ट पोकेमॉनच्या हातातच घातक ठरते तिथे तो पोकेमॉन बाद करावा. स्पीड बूस्ट निन्जास्क या पोकेमॉनकडे होतीच, तिने कोणाचे काही बिघडवले नव्हते. ब्लेझिकेनच्या हल्ल्यासोबत आली तेव्हाच बिघडवले. सँड वेल ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तेच करते. पावसाचा तोडगा या दोन्हींत बसत नाही, आणि त्याने एक खेळण्याजोगी व्यवस्था टिकवली हे मान्य करूनही मला तो आवडत नाही. असे जोडनियम एकदा सुरू झाले की कुठे थांबायचे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि नव्या खेळाडूला संघ नामंजूर का झाला ते कळतही नाही.

माझ्या कसोटीने काही बंद्या चुकीच्याही ठरतात, आणि त्यात एजिस्लॅशची बंदी मी सर्वांत वर ठेवतो. सहाव्या पिढीत आलेली ही ढाल-तलवार हल्ला करताना तलवारीचे रूप घेते आणि तिचा बचाव १५० वरून ५० वर कोसळतो. किंग्ज शील्ड ही बचावाची चाल वापरली की पुन्हा ढाल, आणि त्या ढालीला अंगाने भिडणाऱ्याचा हल्ला दोन पायऱ्यांनी खाली. २०१४ मध्ये तिला उबर्समध्ये पाठवताना एक मुख्य तक्रार अशी होती की ती खेळाला अंदाजपंचे करून टाकते: आता ती ढाल धरेल की वार करेल, हे ओळखायचे कसे? पण इथे ओळखायचे आहे ते समोर बसलेल्या माणसाचे मन. तो आतापर्यंत कसा खेळला, त्याला घाई आहे का, त्याच्याकडे मागे कोण उरले आहे, या सगळ्यांवरून अंदाज बांधता येतो. शिवाय किंग्ज शील्ड बिनहल्ल्याच्या चालींना अडवत नाही, म्हणून त्या फेरीत स्वतःची ताकद वाढवता येते किंवा तिच्यावर विल-ओ-विस्प ही भाजणारी चाल टाकता येते. दोन माणसांनी एकमेकांना ओळखण्याची चढाओढ आणि फाशांनी एकतर्फी दिलेला कौल यांत महदंतर आहे. पहिल्या गोष्टीसाठीच आपण हा खेळ खेळतो.

‘तक्रार करू नका, जुळवून घ्या’ हा युक्तिवाद मला बहुतेक वेळा पटतो, कारण नव्या पिढीच्या पहिल्या काही आठवड्यांत जे अजिंक्य वाटते त्यावर नंतर साधे उत्तर सापडते. परंतु जुळवून घेण्याची किंमतही मोजायला हवी. सँड वेल टाळायला कधीही न हुकणाऱ्या चाली आहेत. पण त्यांतल्या एरिअल एसचा जोर अवघा ६० आहे आणि ती गार्चॉम्पला ओरखडाही काढत नाही. हवामान बदलायला दुसरा पोकेमॉन संघात घेता येतो, मग त्याच्याभोवती बाकीचा संघ रचावा लागतो. एका पात्राच्या एका क्षमतेसाठी प्रत्येक संघाला असे वळण घ्यावे लागत असेल, तर शेकडो पात्रांपैकी उरलेल्यांची विविधता नावापुरती राहते.

बंदी कोणी घालायची हा प्रश्नही इथेच येतो, आणि तो तितकाच अवघड आहे. निन्टेन्डोच्या सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल या २००८ च्या खेळात मेटा नाइट या पात्राला कोणीही वरचढ नव्हते आणि कंपनीकडून दुरुस्ती येण्याची शक्यता नव्हती. अनेक वर्षांच्या वादानंतर अमेरिकेतल्या स्पर्धा-आयोजकांच्या युनिटी रूलसेट कमिटीने २०१२ च्या सुरुवातीपासून त्याच्यावर बंदी लागू करण्याचे जाहीर केले. पण त्याच जानेवारीत न्यू जर्सीत झालेल्या एपेक्स २०१२ या मोठ्या स्पर्धेने ती पाळली नाही, आणि जपानहून आलेला ओटोरी हा खेळाडू मेटा नाइट घेऊनच ती स्पर्धा जिंकला. पुढे ती समिती टिकली नाही आणि बंदीही टिकली नाही. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे उघड आहे की ज्यांना तो पाळायचा आहे त्यांची संमती नसेल तर कागदावरची बंदी निरर्थक ठरते. स्मॉगॉनची पद्धत मला म्हणूनच अधिक भरवशाची वाटते: ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासाठी लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या लढतींत खेळून ठरावीक पात्रता मिळवायची, ती मिळवणाऱ्यांनीच मत द्यायचे, आणि बंदीसाठी निम्मी नव्हे तर ६० टक्के मते लागणार. प्रत्यक्ष खेळून आलेला माणूस मत देतो आणि शंकेचा फायदा पात्राला मिळतो, या दोन्ही गोष्टी मला न्याय्य वाटतात.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मांडेन, ती म्हणजे पुनर्विचाराची. सहाव्या पिढीत क्षमतेने आणलेले हवामान पाच फेऱ्यांवर आले, फेअरी प्रकाराने आउटरेजला निष्प्रभ करणारे पोकेमॉन दिले, आणि गार्चॉम्प ओयूमधला एक चांगला, विश्वासू गडी होऊन राहिला. त्याच्या मेगा रूपाचा हल्ला १७० असूनही वेग ९२ वर उतरल्याने कित्येक खेळाडू साधे रूपच पसंत करत. बंदी त्या काळातल्या खेळावर असते, पात्राच्या नावावर कायमचा शिक्का म्हणून नाही, आणि परिस्थिती बदलली की ती पुन्हा मताला टाकणे हे मतदारांचे कर्तव्य आहे. एजिस्लॅशचे अंक आठव्या पिढीत १५० वरून १४० झाले आणि किंग्ज शील्डचा मारही दोन पायऱ्यांवरून एकीवर आला. त्यानंतर तिची भीती उरली नाही.

हीच विचारसरणी २०२४ मध्ये नवव्या पिढीच्या ओयूमध्ये पुन्हा दिसली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. झोप लावणाऱ्या चालींवर वर्षानुवर्षे अर्धा नियम होता: समोरच्या संघातला एकच पोकेमॉन झोपवता येईल. पण एक झोपवला तरी किती फेऱ्या गमवायच्या हे नशिबावर, आणि गमावणारा त्यात काही करू शकत नाही. डार्कराई या पोकेमॉनच्या हातातली हिप्नोसिस ही झोपवणारी चाल अनेकांना सोसेना, तेव्हा डार्कराईला बाहेर काढा अशी मागणी होऊ शकली असती. त्याऐवजी झोपेच्या चालीच बाद झाल्या आणि डार्कराई खेळत राहिला. चौथ्या पिढीतल्या गार्चॉम्पला हा पर्याय उपलब्ध नव्हता. ज्यांना उपलब्ध आहे त्यांच्या बाबतीत तरी मत देण्यापूर्वी आपण त्या पात्राच्या नावापाशी न थांबता त्याची क्षमता, त्याच्या चाली आणि त्याची वस्तू यांची एकेक करून तपासणी करावी, एवढीच माझी मतदार खेळाडूंना विनंती आहे.